आमची फायरवॉल, तिची रॅम डिस्क आणि नंदिनीचं स्थळ

आंजी (मोठी),
रविवार, जेवणानंतर

चि. रुपेशराव यांस,

सासऱ्याचा सप्रेम जयभीम. (मेघाला आशीर्वाद वेगळा लिहीत नाही, पाकीट तीच आधी फोडणार हे मला ठाऊक आहे.) तुमची तब्येत, तुमच्या आईंची कंबर आणि पुण्याचं पाणी हे सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडे माझा गुडघा होता तसाच आहे, तुमच्या सासूबाईंचं बीपी गोळीच्या ताब्यात आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही बसवून दिलेली फायरवॉल कोणाच्याच ताब्यात नाही. तिच्याबद्दलच लिहायला बसलो आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही 'हो बाबा' म्हणता, मी 'बरं, ठेवतो' म्हणतो, आणि विषय राहून जातो.

शेजारचे नानाजी मला विचारतात की हा जुना कॉम्प्युटर दिवसरात्र काऊन चालू असतो. मी त्यांना सांगतो की नेटची तार घरात शिरण्याआधी याच्यातून जाते, आणि आत कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हे तो ठरवतो. माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात कालव्याची गेटं उघडण्या-लावण्यात झाली, त्यामुळे हे काम मला चटकन पटलं. खरं सांगू का, त्या मशीनचा मला लळा लागला. सकाळी चहा झाला की मी तिच्या नोंदी वाचतो. रात्रभरात कुठकुठले लोक येऊन आपलं दार हलवून गेले ते सगळं त्यात असतं. ब्राझील, रोमानिया, व्हिएतनाम! (मेघाच्या शाळेतला नकाशा काढून पाहिलं.) मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं तर तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढे लोक आले, अन् तुमी एकालेही चहा नाई विचारला?" मेघा सासरी गेल्यापासून आपल्या दारी एवढी वर्दळ झाली नव्हती.

पण ऊन तापलं तशी आतली डिस्क करकर वाजू लागली, जात्यात खडा आल्यासारखी. तुम्ही म्हणालात, नोंदी लिहून लिहून ती झिजते आहे. रॅम डिस्क चालू करा, म्हणजे मेमरीचाच एक तुकडा डिस्कसारखा वापरला जाईल आणि खऱ्या डिस्कला आराम पडेल. फक्त वीज गेली की त्यातलं सगळं पुसलं जाईल. हे 'फक्त' तुम्ही पुण्यात बसून म्हणालात. आंजीची वीज नुसती जात नाही, मुक्कामाला जाते. म्हणजे रॅम डिस्क लावावी तर नोंदी जातात, न लावावी तर डिस्क जाते. नानाजींचं मत पडलं, "मशीनले जगवा जी, नोंदी काय, उद्या पुन्हा तयार होते." तुमच्या सासूबाईंचं मत पडलं, "जे पुसल्या जाते ते लिहाचंच काऊन?" (याचं उत्तर तुमच्याजवळ असेल तर कळवा.)

शेवटी मी नानाजींचं ऐकलं. किती मेमरी द्यायची, असा रकाना आला. तुम्ही आकडा सांगितला होता, पण मी म्हटलं, द्यायचंच तर हात आखडता कशाला? जवळजवळ सगळीच देऊन टाकली. करकर थांबली. घर इतकं शांत झालं की मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटू लागलं, आणि इथेच माझं चुकलं.

कारण त्याच आठवड्यात समोरच्या बंडूजींच्या नंदिनीला पाहायला अमरावतीची मंडळी यायची होती. मुलाच्या वडिलांचा पाय मोडला, म्हणून पाहण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर ठरला; आणि गल्लीत नेट चांगलं आपलं, म्हणून आपल्या बैठकीत ठरला. तुमच्या सासूबाईंनी पोहे केले. (व्हिडिओ कॉलला पोहे कशाला, हे विचारायची सोय नव्हती.) इकडे नोंदी साठून साठून मेमरी काठोकाठ भरली होती आणि फायरवॉलला स्वतःला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच झालं, की मुलाच्या आईंनी विचारलं, "बेटा, लग्नानंतर नोकरी सोडशील का?" नंदिनी ठणठणीत म्हणाली, "नाही सोडणार." आणि पडद्यावर त्या बाईंचा चेहरा एक भुवई वर चढलेली, असा थिजला.

बंडूजी त्या भुवईपुढे हात जोडून उभे राहिले. नंदिनीचं उत्तर तिकडे पोचलं की नाही, भुवई त्या उत्तरावर चढली की आधीच चढलेली होती, कोणालाच कळेना. मी धावत जाऊन मशीन बंद करून चालू केली. नेट आलं, तोवर अमरावतीकरांनी फोन उचलणं सोडलं होतं. बंडूजी म्हणाले, "नागसेनजी, तुमच्या चौकीदारानं माह्या पोरीचे पाहुणे परत धाडले जी." आणि पोह्यांना हात न लावता गेले. आम्ही दोघं एका वयाचे, एका गल्लीत वाढलेलो. त्यांचं दार माझ्या तोंडावर कधी लागलं नव्हतं. त्या दिवशी मीही जेवलो नाही.

मग मुलानंच नंदिनीला फोन केला. तिचं 'नाही' पोचलं होतं आणि त्याला ते आवडलं होतं. आईंची भुवई जन्मापासून तशीच आहे म्हणे. "असं अर्धवट पाहण्यापरीस मीच येतो," असं म्हणून तो बसनं आला, दुपारभर बसला, तिच्याशी बोलला. काल साक्षगंधाची (पुण्याच्या भाषेत साखरपुड्याची) तारीख निघाली. बंडूजी ती सांगायला स्वतः आले, दारातच मला मिठी मारली आणि माझा गुडघा पुन्हा दुखावला.

प्रश्न मात्र जागेवरच आहे. रॅम डिस्क ठेवावी की काढावी? ठेवली तर केवढी? मला यातलं काही उमगत नाही आणि मी मशीनला आता हातही लावत नाही. तुमच्या सल्ल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

तुमचा सासरा,
नागसेन

ता. क. सल्ला फोनवर देऊ नका, मला आकडे नीट ऐकू येत नाहीत. साक्षगंधाला मेघा येणारच आहे, तुम्हीही या. दिवाळीत आपण दोघं त्या उघड्या डब्यासमोर बसलो होतो, तेवढं आपलं बोलणं लग्नापासून कधी झालं नव्हतं. पंख्यावरची धूळ पुसता पुसता तुम्ही तुमच्या वडिलांचं सांगत होतात. ते अर्धंच राहिलं आहे.

दुसरा ता. क. रुपेशराव, हे मी लिहून राह्यली. पत्र टाकाले माह्यापाशी दिलं, म्हणून वाचलं. मशीन चांगली हाय. ह्यायनंच परवा नीट केली. रॅम डिस्क लहान ठेवली, अन् नोंदी घंट्या-घंट्यानं खऱ्या डिस्कवर उतरून राह्यल्या. आता लाईन गेली तं घंटाभराचंच पुसल्या जाते. मले सारं समजावून सांगतलं, अन् म्हणे जवाईबापूले सांगू नको. तं तुमाले काई मालूम नाई असं करजा. आल्याबरोबर एखादा स्क्रू ढिला करून ठेवजा, मंग बसा दोघंजणं. चहा मी आणून देईन.
तुमची सासू कमलाबाई