अंघोळीचा प्रश्न

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दादास,

नमस्कार. वहिनी आणि छोटी बऱ्या असतील. यापुढे ‘आम्ही इथे खुशाल आहोत’ असं लिहायची पद्धत आहे. ती ओळ सोडते आणि आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. जुलैत कार्यालयाचं पत्र आलं. वृद्धांना घरी मदत देण्याच्या योजनेचा सरकारी निधी कमी झाला आहे, म्हणून सगळ्यांची फेरतपासणी होईल.

२. २ सप्टेंबरला तपासनीस बाई घरी आल्या. पन्नास मिनिटं होत्या.

३. १९ सप्टेंबरपासून बाबांची मदत बंद झाली. सकाळी आठ ते दहा येणाऱ्या मावशी आता येत नाहीत.

४. ६ ऑक्टोबरला, मी कामावर असताना, बाबा बाथरूममध्ये पडले. उजवं मनगट आणि दोन बरगड्या. शेजारच्या काकूंना हाक ऐकू येईपर्यंत ते तीन तास फरशीवर होते.

५. सकाळी घरात माणूस असेल तरच घरी सोडू, असं डॉक्टर म्हणतात. नाहीतर सरकारी वृद्धनिवास. तिथली एक जागा २४ तारखेपर्यंत राखून ठेवली आहे.

फोनवर तू विचारलंस, “त्यांना धड उभं राहता येत नाही, मग मदत बंद झालीच कशी?” मी म्हणाले, निधी कापला. ते खरं आहे. आमच्या रस्त्यावरच्या चार घरांची मदत गेली. पण पाचव्या घरातल्या आजींची राहिली, आणि त्या बाबांपेक्षा बऱ्या चालतात.

तपासणीच्या दिवशी मावशींनी बाबांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. घरी कुणी येणार म्हटल्यावर माणूस नीटनेटका दिसायला हवा, एवढंच त्यांच्या मनात. आपल्याच हाताने आपलं काम घालवतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बाबा तर रंगात आले होते. “बसा बाई. चहा आमची इंजिनीअर करेल. साखर मोजून घालते, गोड लागत नाही तो भाग वेगळा.”

“आजोबा, खुर्चीतून एकटे उठता का?”

“तीस वर्षं बस चालवली. उठायचं कशाला? बसायचाच पगार मिळायचा.”

बाई हसल्या. मग बाबा उठून दाखवायला उठले. खुर्चीच्या पायांखाली मी लाकडी ठोकळे घालून ती उंच केली आहे (बाबा मला इंजिनीअर म्हणतात ते असल्या कामांवरूनच), त्यामुळे जमलं. दारापर्यंत गेले, वळले, परत आले. चेहरा घामाने डबडबला होता, पण बाई तेव्हा कागदावर लिहीत होत्या.

पुढचा प्रश्न अंघोळीचा. तो त्यांनी बाबांना विचारला नाही, मला विचारला. “अंघोळीला माणूस लागतं? रोजचं सांगा हं. पाहुण्यांसमोर सगळेच चालतात. घरच्यांनीच सांगायचं असतं.”

मी म्हणाले, “भिंतीला दांडा बसवलाय. मीच बसवलाय. नव्वद किलोचा भार देऊन तपासलाय. त्याला धरून जमतं.”

“मग ‘जमतं’ लिहू?”

त्यांनी पेन उचलून धरलं होतं. त्या थांबल्या. मी म्हणाले, “लिहा.” खाली सही केली.

दादा, जमतं हे खोटं नव्हतं. बाबांनी त्याआधीच्या रविवारी एकट्याने अंघोळ केली होती. मी दाराबाहेर उभी होते. एकदा. फक्त एकदाच.

माझं काम तुला माहीत आहे. दुकानातले वजनकाटे तपासायचे आणि बरोबर असतील तर सही करायची. एका काट्याची दहा वेळा मोजणी करतो. एकाच मोजणीवर काटा पास केला तर मला त्याच दिवशी घरी पाठवतील, आणि योग्यच करतील. हे मला त्या क्षणी आठवलं नाही असं लिहिता आलं असतं. आठवलं होतं. पण तो दांडा मी बसवला होता, दोन रविवार घालवून. तो उपयोगी आहे हे कुणीतरी कागदावर लिहून घ्यावं, असं मला वाटलं. कारण एवढंच आहे. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मावशी बंद झाल्यावर मी अंघोळ घालते म्हटलं. बाबा म्हणाले, “मुलीच्या हातून? त्यापेक्षा मळका मेलेला बरा.” पुरुष मदतनीस शोधला, मिळाला नाही. सतरा दिवस त्यांनी ओल्या फडक्याने भागवलं. अठराव्या दिवशी त्यांनी मी बाहेर पडायची वाट पाहिली आणि ते एकटेच आत गेले. दांड्यापर्यंत हात पोचण्याआधीच पाय घसरला. दांडा भिंतीत आहे तसा आहे. एक मिलिमीटरही हललेला नाही.

कार्यालयात तीनदा गेले. खिडकीतल्या माणसाने फॉर्म उलटा करून दाखवला. “ही सही तुमचीच ना? मग चूक आमची की तुमची?” फेरविचाराला सात महिने, आणि तोवर निधी उरला तर. जिन्यात तपासनीस बाई भेटल्या. ओळखलं त्यांनी. म्हणाल्या, “मी थांबले होते हो तुमच्यासाठी.”

आईच्या वेळी तू डॉक्टरांना तिचा ताप वाढवून सांगितलास, म्हणून तिला खाट मिळाली. मी सगळ्या नातेवाइकांसमोर तुला खोटारडा म्हणाले. त्याला चार वर्षं झाली. तो शब्द मी परत घेत नाही, कारण तू खोटंच बोलला होतास. पण २ सप्टेंबरला माझ्या जागी तू असतास तर बाबा आज घरी असते.

आता राहिलेलं लिहिते. बाबांना वाटतं, चूक त्यांची. काल वॉर्डात म्हणाले, “मीच जास्त रुबाब केला बाईंसमोर. म्हातारचळ, दुसरं काय! तुला उगाच ताप.” माझा हात धरून म्हणाले. मी पाणी दिलं, उशी सारखी केली आणि निघून आले. खरं सांगितलं नाही. वृद्धनिवासात जाऊनही ते हेच मनात धरून बसतील.

वृद्धनिवासाचा फॉर्म सोबत आहे. दोन्ही मुलांच्या सह्या लागतात. माझ्या सहीची जागा अजून रिकामी आहे. तू इथे येऊन राहशील का, हे विचारत नाही. तुझी नोकरी मला माहीत आहे.

तू सही करणार की नाही, आणि बाबांना मी खरं सांगावं की नाही, या दोन्हींचं उत्तर बुधवार, २२ ऑक्टोबरपर्यंत पाठव.

तुझी धाकटी