त्या रविवारी श्नाप्स कुणाला

प्रिय वियार्ट,

त्या रविवारच्या, तुझ्या खटल्यावरून काढलेल्या सिनेमाचा मला खरा खर्च काय आला, ते आधी सांगून मोकळा होतो. कडक श्नाप्सच्या दोन बाटल्या, खिडकीजवळची एक खुर्ची, गुरुवारचा पत्त्यांचा अड्डा, आणि टोमकेचं माझ्याशी बोलणं. बाटल्या नव्या आणल्या, खुर्ची सुताराकडे आहे. बाकीचं अजून तसंच आहे. टोमके माझा चहा करते, खडीसाखर घालते, कप समोर ठेवते आणि निघून जाते. नवऱ्याशी न बोलता बायको किती व्यवस्थित वागू शकते, ते मी सध्या बघतोय. हे पत्र तुझ्याआधी तुरुंगातले साहेब वाचतील, त्यांनाही माझा नमस्कार.

तू मुद्दाम टीव्ही बंद ठेवलास, असं कार्डावर लिहिलंस. बरं केलंस. आम्ही पाहिला. सगळ्या गावाने पाहिला, आणि तोही माझ्याच बारमध्ये. तू आत गेल्यानंतर मी इथे एक प्रथा सुरू केली, ती तुला कधी कळवली नाही. खुनाचा खेळ तुला काय सांगायचा! दर रविवारी टीव्हीवरचा खुनाचा सिनेमा सुरू झाला की मी दिवे कमी करतो. जेवणाच्या ऑर्डरी बंद. प्रत्येकाने बिअरच्या ग्लासखालच्या पुठ्ठ्यामागे खुन्याचं नाव लिहायचं आणि पुठ्ठा सूपच्या भांड्यात टाकायचा. पोलीसबाई दमून घरी येते, फ्रिज उघडते, आत काहीच नसतं, की मी घंटा वाजवतो: मतं बंद. ज्याचं नाव बरोबर येईल त्याला माझ्यातर्फे एक श्नाप्स. फुकटच्या एका घोटासाठी लोक पाच विकतचे पितात. बंदरावर हातगाडीवर हेरिंग माशाचे पाव विकणारा माणूस सहा खोल्यांचा मालक उगाच होत नाही.

तुला वाटेल, गावात तुझ्याबद्दल काय काय बोलत असतील. माझे कान तुला माहीत आहेत, नळ सोडलेला असला तरी कोपऱ्यातल्या टेबलावरची कुजबुज मला ऐकू येते. सतरा वर्षांत तुझं नाव कुणी काढलं की माझं उत्तर ठरलेलं: माझ्या भावाने ते केलेलं नाही, आणि ज्याला हे पटत नसेल त्याने बिअर दुसरीकडे प्यावी. दुसरीकडे म्हणजे थेट शहरात, आणि परत येताना रस्त्यावर दारू तपासणारे पोलीस. त्यामुळे पटतं सगळ्यांना.

सिनेमात तू छपरं शाकारत नाहीस, बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस. तुला मिशा दिल्यात आणि तुझं पोट काढून घेतलंय. हिल्केचं औषधाचं दुकान जाऊन फुलांचं झालंय, पण ती मरते मात्र आपल्याकडच्यासारख्याच कालव्यात, आपल्याकडच्यासारख्याच पुलाखाली. मी नाहीच. माझ्या जागी एक बहीण घातली आहे, उंच, लाल कोटातली. ती सिनेमाभर भेटेल त्याला सांगत फिरते, माझा भाऊ निर्दोष आहे. हाबो, आपला जुना पोस्टमन, मागून ओरडला, "फोक्को, लाल कोट तुला शोभतो रे!" सगळे हसले. मीही हसलो.

मग ती म्हातारी आली, पुलावर गाडी पाहिलेली. पोलीसबाई तिला इतक्या वर्षांनी पुन्हा विचारते. म्हातारी म्हणते, "धुकं होतं हो. गाडी होती. कुणाची, ते मला नंतर बाकीच्यांनी सांगितलं." जिच्या साक्षीवर तू आत गेलास ती आपली आल्मुट मावशी जाऊन चार वर्षं झाली, तिला आता असं कुणी विचारू शकत नाही. मी नळाखालची जाळी पुसत होतो. ती आधीच पुसलेली होती.

आणि शेवट काय, तर शेवटच नाही. पोलीसबाई तुरुंगाच्या फाटकासमोर गाडीत बसते, काचेवर वाफ धरते, आणि पडद्यावर कलाकारांची नावं सुरू होतात. मग कुणीतरी म्हणालं, "संपलं? आणि खुनी?" दुसरा म्हणाला, "यासाठी आपण दर महिन्याला टीव्हीचे पैसे भरतो का?" आणि मग मुद्द्याची गोष्ट निघाली: श्नाप्स कुणाला?

हाबोने फुलवालीच्या नवऱ्याचं नाव लिहिलं होतं. तो उभा राहिला, "म्हातारी फिरली म्हणजे मेकॅनिक सुटला. मी जिंकलो. ओत." बांधाची देखरेख करणारा मेनो, ज्याच्याशी मी दर गुरुवारी पत्ते खेळायचो, तो म्हणाला, "फिरली कुठे? धुकं होतं एवढंच म्हणाली. धुक्यात गाडी होतीच ना? मी मेकॅनिक लिहिलंय, आणि मी पिणार." हाबो म्हणाला, "तुझा तर हवामानाचा अंदाजसुद्धा चुकतो!" त्यात खुर्ची गेली. पण वियार्ट, एवढ्या गोंधळात तुझं नाव कुणी घेतलं नाही. सगळे मेकॅनिक, मेकॅनिकच म्हणत होते. तेवढी सभ्यता गावात शिल्लक आहे.

शेवटी मेनोने टेबलावर हात आपटला. "खेळ फोक्कोचा, नियम फोक्कोचे, श्नाप्सही त्याचाच. त्यालाच विचारा. सांग बाबा, मेकॅनिकने केलं की नाही?" सगळ्यांनी मान वळवली. टोमके हेरिंगची ताटली हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती.

असो. वरची कोपऱ्यातली खोली तयार आहे. खिडकीतून बांध आणि मेंढ्या दिसतात, पलीकडचा समुद्र दिसत नाही, त्यासाठी बांधावर चढावं लागेल. सुटल्यावर तुझ्यावर देखरेख ठेवणाऱ्या फ्राऊ डिर्क्स येऊन बघून गेल्या. पलंग दाबून पाहिला, नळ सोडून पाहिला, आणि म्हणाल्या, कोर्टाचं समाधान झालंय, आता फक्त पक्का पत्ता हवा; पत्ता नाही तर सुटका नाही. इथला नसेल तर शहरातल्या वसतिगृहाचा चालेल. कामाची काळजी नको. शहरातल्या पैसेवाल्यांना सुटीच्या घरांवर पुन्हा लव्हाळ्याची छपरं हवी आहेत आणि शाकारणारे हात उरलेले नाहीत. टोमकेने त्या खोलीसाठी पडदे शिवले आहेत. ते तिने सिनेमाच्या आधी शिवले होते आणि नंतर लावले, हेही तुला कळावं.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. कार्डाच्या शेवटी तू लिहिलंस, पत्ता तुझाच देतोय फोक्को, कारण निदान एका घरात तरी मला काही सिद्ध करावं लागणार नाही. ते वाचलं आणि कार्ड खिशात घालून फिरतोय. फ्राऊ डिर्क्स सोमवारी तुझी सही घ्यायला येतील. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळायला हवं, हाबोकडून नको. मग इथला पत्ता द्यायचा की वसतिगृहाचा, ते तू ठरव. पडदे राहतील. मेनोने विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं, सतरा वर्षं तेच देत आलोय. तोंड उघडलं आणि ते आलं नाही. का, ते तेव्हापासून शोधतोय, सापडत नाही. दुःख झालं असंही नाही. "मला काय माहीत," असं मी म्हणालो, आणि दोघांचेही ग्लास भरले.

तुझाच थोरला,
फोक्को