लॉरीचा हॉर्न

अण्णा, तुम्हांला जाऊन पाच वर्षं झाली, आणि या पाच वर्षांत मी सहा गावं बदलली. सध्या इंदूरला आहे, व्हिडिओ गेमची मशिनं दुरुस्त करतो. इथले पोहे तुम्हांला गोड लागले असते, वर शेव असूनसुद्धा. पण ते राहू दे. एक गोष्ट सांगायची आहे आणि मी दर वेळी अशाच कशावर तरी घसरतो. तुम्हांला ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं. आग्रा रोडवर तुम्ही सायकलसकट लॉरीखाली गेलात, त्याच्या तीन आठवडे आधीपासून ठाऊक होतं.

आयटीआय अर्धवट सोडून मी भाऊंच्या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात चिकटलो, ते तुम्हांला आवडलं नव्हतं. "टीं टीं करून पोट भरतं का?" तुम्ही ओरडूनच विचारलंत. तुम्ही सगळंच ओरडून बोलायचात; वीस वर्षं कारखान्यात पत्र्याच्या प्रेसच्या धडधडाटात काढलेला माणूस असाच बोलणार, असं आम्ही धरून चाललो होतो. भाऊंच्या मेव्हण्याने दुबईहून छोटा कॉम्प्युटर आणला होता, टीव्हीला जोडायचा. त्यावर मी एक खेळ बसवत होतो: शेळीला रस्ता ओलांडून न्यायची, मधून लॉऱ्या. चित्रं कुणीही काढेल, आवाजात खरी गंमत. एक आकडा सूर किती उंच त्याचा, दुसरा तो किती टिकेल त्याचा. शेळी पलीकडे पोचली की तीन चढते सूर, मेली की एकच सूर घसरत खाली. अडचण एवढीच की सूर वाजेपर्यंत पडद्यावरचं सगळं थांबायचं. हॉर्न वाजवला की लॉरी जागीच थिजायची. भाऊ म्हणायचे, "असला सज्जन ड्रायव्हर अख्ख्या नाशकात मिळणार नाही रे." म्हणून मी हॉर्नचे तुकडे करत बसलो होतो, एक तुकडा वाजला की लॉरी थोडी पुढे.

कॉम्प्युटरचा आवाज डासाएवढा. एका रविवारी तुम्ही घरचा रेडिओ माझ्यासमोर ठेवलात. "याचा स्पीकर काढून घे. मला नाही लागत आता बातम्या." मला वाटलं, अण्णा विरघळले. मी जेवलोसुद्धा नाही, तसाच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो.

आणि मग तो दिवस. तुम्ही ड्यूटीवरून येताना दुकानापाशी सायकल लावता, आत येता, हाताला ग्रीसचा वास. भाऊ खुर्ची पुढे करतात. "काका, पोरगं टीव्हीला बोलायला शिकवतंय." तुम्ही म्हणता, "घरात तर तोंड उघडत नाही." मी बटण दाबतो. शेळी निघते, लॉरी येते, क्षणभर अडखळते. आवाज नाही. स्पीकरच्या वायरचा सोल्डरिंगचा डाग सुटलेला आहे, वायर नुसतीच लोंबतेय. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही मांडीवर थाप मारता. "वा! हॉर्न अगदी लॉरीचा काढलास!"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी वायरीकडे. तुम्ही आम्हां दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होतात, हसू तसंच ठेवून. लॉरी अडखळली तेव्हा हॉर्न वाजला असणार, हे तुम्ही बरोबर ताडलं होतं. तुम्ही सायकल काढलीत तेव्हा भाऊ मला हलक्या आवाजात म्हणाले, "अरे, काकांना दवाखान्यात ने. आणि त्या रोडने सायकल नको म्हणावं." मी हो म्हणालो. मग आज नेतो, उद्या नेतो. तीन आठवडे मी शेळीच्या मरणाचा सूर बदलत होतो.

लॉरीवाला पोलिसांना सारखा तेच सांगत होता, "हॉर्न दिला साहेब, केव्हाचा देत होतो." सगळे म्हणाले, खोटं बोलतोय. मीही मान डोलावली. त्याला धरून नेलं तेव्हा त्याने माझ्याकडेच पाहिलं होतं.

हे पत्र घडी करून टूलबॉक्समध्ये जाईल, आधीच्या दोनांसारखं. त्या दोनांत मी लिहिलं होतं की कारखान्यात कळलं तर तुमची नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. तसं नव्हतं. तुम्ही दुकानातून निघून गेल्यावर त्याच संध्याकाळी मी वायरला डाग दिला आणि हॉर्न वाजवून पाहिला. पिपाणीसारखा, अगदीच भिकार. दवाखान्यात नेलं असतं तर तुम्हांला कळलं असतं की मला कळलंय. मग ती 'वा' परत द्यावी लागली असती, आणि माझ्याकडे तेवढी एकच होती.