सुपातले राळे

दादा,

सकाळीच हिला कळा सुरू झाल्या. गाडी जुंपून बीडच्या सरकारी दवाखान्यात नेतोय. आई दगडाबाई सुइणीला आणायला गेलीय. परक्या डाक्टरापुढं सून नेली म्हणून आल्यावर आकांत करील, तूच समजाव. दगडाबाईला खण दे, उपाशी धाडू नको.

काहून नेलं ते ऐक. वहिनी आपल्या बाळंतिणीच्या खोलीत दगडाबाईच्याच हातावर गेली. तवा तू दवाखान्याचं नाव काढू दिलं न्हाईस. तिला नेताना मसणवाटेवर मातर राळे उधळत गेलास. बाळंतपणात गेलेली बाई ते सगळे दाणे वेचल्याबिगर घरी परतत न्हाई म्हणतात ना, म्हणून.

आज आई म्हणली खोली उघडून ठेव. वहिनी गेल्यापासून कुलूप होतं. उघडली तर मधोमध सूप, आन् सूपभर राळे. एकेक दाणा निवडलेला, मातीचा कण न्हाई.

ही उंबऱ्यातच थांबली. आतल्या कुणाचं तरी ऐकल्यागत तिनं मान हलवली. मग मला म्हणाली, "जाऊबाई म्हणतात, इथं निजू नको. गाडीत बैस."

मी बैल सोडले आन् गाडीला जुंपले.

सूप हाय तिथंच हाय. देवऋषी बोलावू नको, खोलीला कुलूप घालू नको. आन् दादा, ते राळे पुन्यांदा वाटेवर फेकू नको. बोटं सोलवटली असतील तिची.

शहादेव