छान, आणि वर ग्लासभर पाणी

प्रिय भिंगरी,

पत्र पाहून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. आजोबांचा गुडघा नेहमीइतकाच कुरकुरतो आहे, आणि तुझे बाबा कालपासून माझ्या समोर येणं टाळत, बागेत नसलेलं तण उपटत बसले आहेत. धक्का बसला आहे तो मला, आणि तो इतका जबर आहे की आज दिवसभर मी कामावर कुणाची एकही चूक काढली नाही. हाताखालच्या मुली शेवटी घाबरत घाबरत विचारून गेल्या, "मॅडम, बरं नाही का वाटत?"

येत्या सोमवारपासून मी साखर कायमची सोडते आहे, हे तुला ठाऊक आहेच. साखर, मैदा, पांढरा ब्रेड, डब्यातले रस, पाकिटातलं जे जे काही असेल ते सगळं बंद. अख्खी धान्यं, सालासकट कडधान्यं, भाज्या, फळं, मूठभर सुकामेवा, बस्स. हा सगळा आहार मला तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने आखून दिला आहे. एवढा तरुण डॉक्टर, पण काय तो नेमकेपणा! 'साधारण' हा शब्द त्याच्या तोंडी मी एकदाही ऐकलेला नाही. स्वतः विद्यार्थिदशेपासून साखरेला शिवलेला नाही, आणि लग्नानंतर तुमच्या घरातही ती येणार नाही, हे त्याने मला किती शांतपणे सांगितलं. माझ्या सहकारी बाईंच्या घरी त्यांच्या या भाच्याला मी प्रथम पाहिलं, तेव्हाच मनाशी म्हटलं होतं की माणूस असावा तर असा. आणि त्याच आठवड्यात तुझ्यासाठी विचारलंसुद्धा. तुझे बाबा मात्र त्या दिवशी परतताना म्हणाले, "चांगला आहे की. भिंगरीला आणखी एक तू मिळेल." मी ती स्तुतीच समजले होते.

अर्धवट तयारीने केलेला संकल्प मला मान्य नाही, त्यामुळे मी रजा काढून स्वयंपाकघर मुळापासून उपसलं. फळ्या घासल्या, बरण्या उकळल्या, प्रत्येकीवर नवी चिठ्ठी चिकटवली. सगळ्यात मागे तो पोचा पडलेला साखरेचा जुना डबा निघाला. तू लहान असताना त्यात ओलं बोट बुडवून चोखायचीस, आणि पकडलं की हात पाठीमागे लपवून म्हणायचीस, "मी नाही!" हनुवटीवर साखरेचे कण चमकत असायचे. तेव्हा तुला खोटं बोलता येत नव्हतं. तो डबा मी घासून पुन्हा फळीवर ठेवला, हे आपलं तुला म्हणून सांगते.

जेवणाच्या टेबलावर मी निर्णय जाहीर केला. विरोध होईल, विनवण्या होतील अशी माझी खात्री होती, कारण साखर गेली म्हणजे रविवारचा केकही गेला. तो केक म्हणजे या घराचा मानबिंदू. दर रविवारी, तू रांगत होतीस तेव्हापासून, ग्रॅमभराचाही फरक न होता. ज्या बाईचं आयुष्य वजनमापांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांचे काटे खरे करण्यात गेलं, तिचा केक आहे तो. आजोबांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे केकसुद्धा बंद? कायमचा?" मी मान हलवली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. बाबा खाली मान घालून पानातले वाटाणे मोजू लागले. मला दोघांची इतकी दया आली की शेवटचा म्हणून एक दुप्पट आकाराचा केक करण्याचं आश्वासन मी देऊन टाकलं. आजोबांना जोराचा ठसका लागला. तोही मी शोकातच जमा धरला.

भाज्या चिरून, कडधान्यं उकडून आठवड्याची साठवण करायची, असं डॉक्टरसाहेबांनी बजावलं आहे. त्यासाठी थंड जागा हवी. जिन्याखालच्या खोलीतला तो आडवा फ्रीझर तुला आठवत असेल. त्यात बाबांच्या गळाला लावायचं आमिष असतं, असं त्यांनी फार पूर्वी सांगून ठेवलं होतं, आणि किड्यांच्या बाबतीत माझी जिज्ञासा मर्यादित असल्यामुळे मी त्याचं झाकण कधी उचललेलं नव्हतं. काल सकाळी ते नदीवर गेलेले असताना उचललं. वर दोन डब्यांत खरोखरच आमिष होतं, एवढा प्रामाणिकपणा मान्य करायला हवा. त्याखाली माझा केक होता. एक नव्हे, थरांवर थर. फॉइलमध्ये गुंडाळलेले तुकडे, गवंड्याने भिंत रचावी तसे सांध्यावर सांधा देऊन नीट रचलेले, अगदी तळापर्यंत. गार वाफ चष्म्यावर धरली. मी काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

टेबलाशी एक-दोन घास झाले की "उरलेला नदीवर बसून चहाबरोबर खाईन," असं म्हणून तुझे बाबा रविवारी स्वतःचा आणि "बाबांनाही तिथेच देतो," म्हणून आजोबांचा वाटा बांधून नेत. हा माणूस किती कौतुकाने माझा केक नदीकाठी नेतो, असं मी शेजारणीला अभिमानाने सांगितलं आहे, भिंगरी!

ते परतले तेव्हा झाकण उघडंच होतं आणि मी शेजारी उभी होते. खांद्यावरची गळाची काठीसुद्धा खाली ठेवायची त्यांना शुद्ध राहिली नाही. म्हणाले, "आधी माशांना घालायचो. तेही दोनदा हुंगून निघून जायला लागले. मग पाण्यात टाकवेना गं. तू इतकं मन लावून करायचीस." तेवढ्यात आजोबा काठी टेकत आले आणि आत डोकावून म्हणाले, "सूनबाई, राग मानू नका, पण या वयात वीट नाही चावत. पहिल्या रविवारी मी छान म्हणालो, तिथेच फसलो. पुढे रविवार काही थांबेनात." मी ओरडले, हो, मी, की मग इतकी वर्षं तोंडाला काय कुलूप होतं? शेवटी बाबा हळूच म्हणाले, "केक समोर ठेवून तू 'कसा झालाय?' म्हणायचीस ना, तेव्हा तुला विचारायचं नसायचं गं. ऐकायचं असायचं."

मी वाद न घालता स्वयंपाकघरात निघून आले. ही घटनाच मुळी अभूतपूर्व होती.

तरीही स्वतः तपासल्याशिवाय निकाल मान्य करणं माझ्या शिक्षणात बसत नाही. तो केक मला मनापासून आवडतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मी तो खाते कसा? तुम्ही सगळे टेबलाशी, आणि मी ओट्यापाशी उभ्याने, दोन चमचे साखर घातलेल्या कॉफीत बुडवून. काल साखर बांधून ठेवली होती, आणि बिनसाखरेची कॉफी पिण्याचं धैर्य मला अजून आलेलं नाही. म्हणून फ्रीझरमधला एक तुकडा काढला, नरम होऊ दिला, आणि तुम्ही खायचात तसा नुसता, टेबलाशी बसून खाल्ला. तो भुसा होता. टाळूला चिकटला, दातांत बसला, घशाखाली उतरेना. मी धडपडत उठले आणि ग्लासभर पाणी घटाघटा प्यायले.

तो रिकामा ग्लास हातात असतानाच मला तुम्ही सगळे दिसलात. दर रविवारी तेच. "छान झालाय!" म्हणायचं आणि ग्लास उचलायचा. बाबा, आजोबा, तू. मी ते हजारदा पाहिलं आणि एकदाही वाचलं नाही. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या काट्याची पहिली परीक्षा कोणती असते, सांगू? त्यावर वेगवेगळी वजनं ठेवायची. काहीही ठेवलं तरी तो एकाच आकड्यावर उभा राहिला, तर तो अडकलेला आहे. असा काटा मी क्षणात ओळखते. आणि माझ्या घरातले सगळे काटे कायम 'छान'वर उभे होते, तर मला वाटलं की माझंच सगळं बिनचूक आहे. तुमच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. तो सावकाश उतरेल. पण काटा आपोआप अडकत नाही, कुठेतरी काहीतरी त्याला दाबून धरतं, हेही मीच शिकवत आले आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते. मी तुला दरमहा पाठवत आलेल्या केकचं पुढे काय होतं, हे मी विचारत नाही. तुझ्या शेजारचा कुत्रा सुखात असो. मागच्या वेळी तू आलीस, तुझ्या डॉक्टरला दोनदा भेटलीस, आणि संध्याकाळी मी तुला टेबलाशी बसवून विचारलं, "कसा वाटला?" तू म्हणालीस, "छान आहे, आई." आणि समोरचा ग्लास उचलून सगळं पाणी पिऊन टाकलंस. कालपासून माझ्या डोळ्यांपुढून ते हलत नाही, भिंगरी, कारण त्या वेळी टेबलावर खायला काहीच नव्हतं. लग्न तोंडावर आलं आहे. पण हॉल रद्द करता येतो, पत्रिका फाडता येतात, त्याच्या मावशीला तोंड मी देईन. तिच्याशी कसं बोलायचं ते मला चांगलं कळतं. तो तुला खरंच आवडला असेल, तर तसं लिही, मी आनंदाने तयारीला लागेन. नसेल, तर 'नको' एवढा एकच शब्द पुरे, कारणं देत बसू नकोस. मी त्याने कोलमडणार नाही. मी फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू पटकन उत्तर देशील, आणि या घरातल्या पटकन दिलेल्या उत्तराचं वजन मला आता कळलं आहे. हवा तेवढा वेळ घे. या वेळी मी ऐकायला नाही, विचारायला बसले आहे. आणि उत्तर लिहिताना, बाळा, हाताशी पाण्याचा ग्लास ठेवू नकोस.

तुझीच, अजून घसा कोरडाच असलेली,
आई