उलटी बसलेली सुई

४ जून

चि. भाऊस, अ. उ. आ.

कामाचं आधी सांगते, नाहीतर तू पत्र अर्धंच वाचून डब्यात ठेवशील. माझं पायमशीन बिघडलंय, टाके सोडतंय. शाळेच्या गणवेशांचे साठ फ्रॉक अंगावर आहेत आणि शिवण अशी येते की जणू दात पडलेल्या म्हातारीचं हसू. सख्खा भाऊ मशीनचा डॉक्टर असताना इथल्या मेकॅनिकला मी उंबरा ओलांडू देणार नाही.

लेक दिवसभर कामावर, त्यामुळे नात माझ्याजवळ असते. आम्ही तिला बाईसाहेब म्हणतो, कारण सगळं राज्य एका बोटावर चालतं. बोट तांब्याकडे गेलं की मी पाणी देते, दाराकडे गेलं की तिची आई चपला आणते. पावणेतीन वर्षांची झाली, पण तोंडातून एक शब्द नाही. कान ठणठणीत आहेत, सांगितलेलं सगळं कळतं. उद्या शाळेत घातली की तिथे हिचं बोट कोण बघत बसणार?

आठ दिवस ये. मशीनही बघ आणि आम्हालाही बघ. माया आहेच, ती पोस्टावर भागवू नकोस.

तुझी,
ताई

९ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

टाके सुटत असतील तर सुई बदल. तरीही सुटले तर मशीनचं वरचं हेड उतरवून पार्सल कर, दुरुस्त करून परत पाठवतो. मी येणार नाही.

रागावू नकोस. कागदावर मी कसा सुसाट सुटतो ते तू बघतेसच. तोंड उघडलं की मात्र पहिल्याच अक्षरात चाक रुततं, आणि समोरचा दया येऊन माझा शब्द पुरा करतो, तोही चुकीचा. परवा एका दुकानात वंगण मागायला गेलो, तर दुकानदाराने वजनकाटा काढून ठेवला. माझ्या दुकानातला फोन मी वाजू देतो. गिऱ्हाईक कंटाळून आपणच येतं.

पण न येण्याचं कारण ते नाही. तुझी लेक वर्षाची होती, मी तिला मांडीवर घेऊन काहीबाही सांगत होतो. तू आलीस, तिला उचललंस, आणि आत जाऊन आईला म्हणालीस की याला पोरीशी फार बोलू देऊ नकोस, तिलाही तोतरेपणा लागेल. हळूच म्हणालीस, पण माझेही कान ठणठणीत आहेत. तेव्हापासून मी लहान मुलांशी बोललेलो नाही. तुझी नात आधीच गप्प आहे. त्यात माझी खोट कशाला?

लोभ दुरूनच राहू दे, तिथे तो बरा टिकतो.

तुझा,
भाऊ

१४ जून

चि. भाऊस, अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. हो, म्हणाले होते मी तसं. एकतीस वर्षं तू ते मनात घेऊन बसलास, आणि मी मात्र आपला भाऊ घुमा, आपला भाऊ माणूसघाणा, असं जगाला सांगत फिरले. तेव्हा सगळेच तसं म्हणायचे, पण तुझ्या कानावर पडलं ते माझ्या तोंडून. चुकले मी. धाकट्यासमोर हात जोडायची मला लाज नाही वाटत, लाज वाटते ती इतका उशीर केल्याची.

बाईसाहेबांना वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं होतं. मी आधी तुझंच विचारलं. तोतरेपणा कुणाचा कुणाला लागत नाही, हे त्यांनी मला चांगलं दटावून सांगितलं. नातीबद्दल म्हणाल्या की पोरीला बोलायची गरजच तुम्ही ठेवली नाहीत, जरा थांबायला शिका. आता मी आणि थांबणार! मी तर दुसऱ्याची शिंकसुद्धा पुरी करते.

सुई बदलली. टाके अजून सुटतात. वाट बघणं मला जमत नाही, तरी बघते आहे.

तुझी,
ताई

२ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्यासमोर जे सांगताना माझी सकाळची संध्याकाळ झाली असती, ते इथे लिहितो.

पहिले पाच दिवस मी नातीशी अवाक्षर बोललो नाही. तू ते पाहिलंस आणि कधी नव्हे ती गप्प बसलीस. सहाव्या दिवशी तू फ्रॉक पोचवायला गेलीस. मी मशीन उघडून बसलेलो, ती पायडलपाशी. मला खालच्या दोऱ्याची बॉबिन हवी होती आणि ती पडली होती नेमकी तिच्या पायाजवळ. सवयीने तोंड उघडलं आणि अडकलो. ब, ब, ब. तिने मान फिरवली नाही की कीव केली नाही. सिनेमा बघावा तशी माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग तिचा धीर सुटला. कपाळाला आठी घातली, ताई, अगदी तुझी आठी, आणि ठणकावून म्हणाली, बॉबिन. म्हणाली आणि माझ्या हातात ठेवली.

आजवर हजारांनी माझे शब्द पुरे केले आणि दर वेळी मी चिडलो. या वेळी नाचायचाच बाकी होतो. बरोबर शब्द तरी आजवर कुणी दिला होता?

मग मला चटकच लागली. कात्रीला मुद्दाम अडलो, तिने काती म्हटलं. तेलाला अडलो, तेय म्हटलं. पण गंमत पुढेच आहे. दहा-बारा शब्द झाले आणि मुद्दाम अडायला गेलो, तर अडताच येईना! दोरा म्हणायचा तर सरळ दोराच निघाला. साठ वर्षं अडू नये म्हणून धडपडलो, आणि अडायचं ठरवलं तर जीभ फितूर झाली. आपली पाळी खाल्ली म्हणून बाईसाहेब रागावल्या. तू आलीस तेव्हा आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो, ते यामुळे. तिने तुझ्याकडे बॉबिन मागितली आणि तू रडायला लागलीस, तेव्हा मी उगाच हेडमध्ये डोकं खुपसलं होतं. माझंही तेच चाललं होतं.

आता एक विचारतो. चाळीस वर्षं शिवणारी बाई सुईची चपटी बाजू उलट दिशेला करून बसवते होय? मी आल्या आल्याच पाहिलं होतं. मग आठ दिवस काय दुरुस्त करत होतो, ते तू विचारू नकोस.

लोभ वाढतोय असं दिसतं. वाढू दे.

तुझा,
भाऊ

७ जुलै

चि. भाऊस, अ. उ. आ.

अरे चोरा! मी तुला मामा बनवायला गेले आणि तू मलाच बनवलंस. नवी सुईसुद्धा मुद्दाम उलटीच लावली होती मी, म्हटलं उगाच खोटं नको लिहायला.

बाईसाहेबांचे तेवीस शब्द झाले. मी तोंडात टाचण्या धरून बसते, त्याशिवाय मला थांबणं जमत नाही. फक्त मामा काही ती म्हणत नाही; तू खरा मामा तिच्या आईचा, पण आमच्याकडे तिनेही मामाच म्हणायचं ठरलंय. लेक तुझा फोटो दाखवून शिकवते, की ही दाराकडे बघते. सोमवारी अकराला लेक तुझ्या दुकानात फोन लावून तिच्या हातात देणार आहे. उचलायचा की नाही ते तू ठरव. मी टाचण्या धरल्या आहेत.

तुझी,
ताई

सोमवार, दुपार

ती. ताईस, सा. न. वि. वि.

दुकानात गिऱ्हाईक होतं. फोन सात वेळा वाजू दिला, आठव्याला उचलला.

पलीकडे काहीच नाही. दुसरा कुणी हॅलो हॅलो करून ठेवून दिला असता. पण ते गप्प राहणं माझ्या चांगलं ओळखीचं, म्हणून थांबलो. मग आलं, मा. आणि पुन्हा गप्प. मला वाटलं, झालं, लागलं माझं पोरीला! शब्द माझ्या ओठांवर होता, पण मी पुरा केला नाही. गिऱ्हाईक ताटकळलं, मीही. मग तिने दुसरा मा जोडला. ताई, तो शब्दच दोन मा-चा आहे. घाबरलेल्या माणसाला तेवढंही सुचत नाही.

मग म्हणाली, ये.

मी म्हणालो, येतो. एकही टाका न सुटता. बारा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक, माझा आवाज त्याने आज पहिल्यांदा नीट ऐकला.

शुक्रवारी पोचतो. सुई सुलटीच राहू दे.

तुझा भाऊ,
आणि तिचा मामा