चौदाशे ओळींची फाइल

३ फेब्रुवारी, सोमवार
‘भातनोंद’वर शेफाली नावाच्या कुणा नव्या मुलीने सुचवलेला कोडमधला बदल आलाय. भाताच्या वाणांची नोंद ठेवणारं हे फुकट सॉफ्टवेअर मी आणि कामथडीच्या प्रशिकने बारा वर्षं राबून उभं केलं. कोडपासून प्रोग्राम कसा बांधायचा हे सांगणारी चौदाशे ओळींची फाइल माझी. ही म्हणते, काढून टाका. नव्या टूलला साठ ओळी पुरतात म्हणे. शांतपणे नकार दिला. कीबोर्डचा स्पेसबार निखळला. जुनाच होता.

५ फेब्रुवारी
तिने कारण विचारलं. अकरा परिच्छेदांत दिलं. ‘कसाई’ हा शब्द दोनदाच वापरला. संकल्प : यापुढे संयम.

८ फेब्रुवारी
प्रशिकचा फोन. म्हणाला, “गोरख, नव्या लोकांना तुझी फाइल चालवता येत न्हाई. सोड आता.” मी म्हणालो, हात लावलास तर हात मोडीन. गमतीनेच. मग मोबाईल भिंतीवर आपटला. सारिका म्हणाली, “भिंतीनं काय केलंय तुमचं?” बायकोला तांत्रिक बाबी कळत नाहीत.

९ फेब्रुवारी, दुपार
भोरला एसटी स्टँडजवळ चहाच्या हॉटेलात भेटलो. सहा मुद्दे लिहून नेले होते. प्रशिक लॅपटॉपवर नवं टूल दाखवू लागला. मी झाकण मिटलं. त्याची बोटं आत होती. तो ओरडला, मी कॉलर धरली, त्याने ढकललं, मी ग्लास फेकला. नेम टेबलाचा होता. प्रशिकच्या भुवईला चार टाके. रक्त लई आलं. हॉटेलवाल्या सोनबांनी मला मानगूट धरून रस्त्यावर काढलं. मुद्दे राहिलेच.

१० फेब्रुवारी
प्रशिकने माफी मागितली तर मोठ्या मनाने माफ करणार.

१२ फेब्रुवारी
मागितली नाही. कामथडीला गेलो. त्याच्या आईने, धोंडाबाईंनी, दार अर्धंच उघडलं. “हितं येऊ नका. बारा वर्सं माज्या हातचं जेवला तुमी.” बहुधा त्यांना एकच बाजू सांगितली गेली असावी.

१५ फेब्रुवारी
नवी आवृत्ती एकट्यानेच काढायला बसलो. फाइल चालेना. कीबोर्ड गुडघ्यावर मोडला. तरी चालेना. नाइलाजाने तडकलेल्या मोबाईलवरून शेफालीला विचारलं. तिने कळवलं : तुमची फाइल तीन वर्षांपासून कुणाकडेच चालत नाही. दर आवृत्तीला प्रशिकदादा दोन-दोन दिवस बसून हाताने सगळं जुळवायचे. गोरखला सांगू नका, त्याला लागेल, असं सगळ्यांना बजावलं होतं.

१६ फेब्रुवारी
नवा कीबोर्ड आणून शेफालीचा बदल स्वीकारला. चाळीस सेकंदांत प्रोग्राम तयार.
प्रशिकला मोबाईलवरून लिहिलं : ‘थोडं चुकलं.’ पाठवण्याआधी ‘थोडं’ खोडलं.
दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलं. उत्तर नाही.